घड्याळाला मॅग्नेट लागतं तेव्हा

एका वाचकाने विचारलं आहे: वडिलांचं एचएमटी जनता कपाटातून काढलं, ऑइलिंग करून घेतलं, काही दिवस छान चाललं आणि आता एकाएकी दिवसाला दहा मिनिटं पुढे पळतंय. तेल वाळलं असेल का?

तेल वाळलेलं घड्याळ रडतखडत चालतं. असं अचानक उधळत नाही. म्हणून उलट प्रश्न विचारतो, रात्री ते ठेवता कुठे? मोबाइलच्या स्पीकरला खेटून, की चुंबकाचं बटण असलेल्या पर्समध्ये? दुरुस्तीवाले अशा घड्याळाकडे बघून लगेच सांगतात, ‘मॅग्नेट लागलंय.’ साधं होकायंत्र घड्याळाजवळ नेऊन पाहा, सुई हलली तर खात्री पटेल.

मागचं झाकण उघडलं की एक चाक सतत अर्धं-पाऊण वळण घेऊन उलट फिरताना दिसतं. ते बॅलन्स. त्याच्या पोटाशी केसाहून पातळ धातूच्या पट्टीची गुंडाळी असते, ती हेअरस्प्रिंग. पाळण्याची दोरी हातात धरून बसलेली आजी आठवा. ती पाळणा ढकलत नाही. नेमक्या क्षणी दोरीला हलका हिसका देते आणि पुढचा झोका पाळणा आपल्याच लयीने घेतो. आजीची ढवळाढवळ जितकी कमी, तितकी लय पक्की. चावी दिलेली मुख्य स्प्रिंग बॅलन्सला असाच हिसका देत असते. पाळण्याला परत खेचतं गुरुत्वाकर्षण, पण मनगटावर त्याची दिशा क्षणोक्षणी बदलते. म्हणून १६७५मध्ये क्रिस्तियान हायगेन्सने खेचण्याचं काम गुंडाळलेल्या स्प्रिंगकडे सोपवलं. (ही कल्पना आपली, असा रॉबर्ट हुकचा दावा होता आणि तो वाद बराच पेटला.) जनतामध्ये सेकंदाला पाच टोले पडतात, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटले की तिची कामाची लांबी घटते, ती ताठ होते, टोले भराभर पडतात. तुमची दहा मिनिटं तिथून येतात.

पण मग ही स्प्रिंग मुळात चुंबकाला दाद देणाऱ्या धातूची का करायची? या प्रश्नाचं उत्तर मला घड्याळांच्या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतं.

घड्याळांचा जुना वैरी चुंबक नव्हे, उष्णता. पोलाद तापलं की त्याची लवचिकता बदलते, स्प्रिंग मऊ पडते. अठराव्या शतकात फर्दिनां बेर्तू या घड्याळजीने हिशेब मांडला होता: तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअसने वाढलं तर घड्याळ दिवसाला साडेसहा मिनिटं मागे पडतं आणि त्यातली पाचहून अधिक मिनिटं एकट्या स्प्रिंगच्या नावावर. यावर उपाय म्हणून पितळ आणि पोलाद जोडून बॅलन्सची कड बनवू लागले. जुन्या खिशातल्या घड्याळात ती आजही दिसते: कडेला बारीक स्क्रूंची रांग आणि दोन ठिकाणी कड चक्क कापलेली. तापल्यावर ही कापलेली टोकं आत वळतात, बॅलन्स हलकं फिरू लागतं आणि स्प्रिंगचा मऊपणा भरून निघतो. जुनी घड्याळं जमवणाऱ्याने हा काप एकदा भिंगाखाली जरूर पाहावा.

हे सगळं कौशल्य अनावश्यक करून टाकलं शार्ल एदुआर गियोमने. स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए गावात, घड्याळांच्या घराण्यात १८६१ साली तो जन्मला. पॅरिसजवळ सेव्र इथल्या आंतरराष्ट्रीय वजनमापे संस्थेत तो मीटरच्या पट्ट्यांसाठी प्लॅटिनमपेक्षा स्वस्त धातू शोधत होता. १८९६मध्ये त्याला आढळलं, की लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल मिसळलं तर तो धातू तापून जवळजवळ प्रसरणच पावत नाही. हे इन्वार. पुढे त्यात क्रोमियम घालून त्याने एलिन्वार घडवलं. त्याची लवचिकता नेहमीच्या तापमानात जवळपास तशीच राहते. एलिन्वारची स्प्रिंग आली आणि कापलेल्या बॅलन्सची गरज संपली.

१९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल गियोमला मिळालं. १९२१चं आइन्स्टाइनला. दुसरं नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पहिलं नाव घड्याळांवर लाखो रुपये उधळणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं, आणि मला हे फार खुपतं. १९३०च्या दशकात राइनहार्ड श्ट्राउमानने त्याच वाटेवर निवारॉक्स मिश्रधातू आणला. आजही बहुतेक स्विस यांत्रिक घड्याळांत तोच. (दाताच्या इम्प्लांटवर वाचलेलं ‘स्ट्रॉमन’ हे नाव याच माणसाचं.)

आता वाचकाच्या घड्याळाचा गुन्हेगार सापडतो. हे मिश्रधातू उष्णतेला पुरून उरतात, ते चुंबकीय असल्यामुळेच! तापमान वाढतं तसं त्यांचं अंतर्गत चुंबकत्व क्षीण होतं आणि त्यासरशी धातू किंचित आक्रसतो. उष्णतेचं प्रसरण तिथेच फिटतं. लवचिकतेचा हिशेबही असाच जुळतो. उष्णतेपासून वाचवणारा गुणच मोबाइलपुढे घात करतो.

तेव्हा आधी डिमॅग्नेट करून घ्या. मिनिटभराचं काम आहे. तोवर जलद-मंद करायच्या काट्याला हात लावू देऊ नका. एरवी चुंबकत्व गेल्यावर घड्याळ तितकंच मागे पडायला लागेल. १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं करू लागलेल्या एचएमटीचं ते उत्पादन आता बंद आहे, म्हणून जुन्यांना भाव चढलाय आणि नवी डायल रंगवून, मिळतील ते सुटे भाग बसवून विकलेल्या घड्याळांना संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनं एचएमटी विकत घेताना डायलच्या चमकेला भुलू नका. झाकण उघडायला लावा आणि हेअरस्प्रिंगचे वेढे सपाट, एककेंद्री, सुटे आहेत का ते बघा.

नव्या महागड्या घड्याळांच्या जाहिराती सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगला क्रांती म्हणतात. तिला मॅग्नेट लागत नाही, हे खरं आणि मोलाचं. पण नुसत्या सिलिकॉनची लवचिकताही उष्णतेने बदलते, म्हणून त्यावर सिलिकॉन ऑक्साइडचा नेमक्या जाडीचा थर चढवावा लागतो. उलट वागणारे दोन पदार्थ जोडून उष्णतेचा हिशेब फेडणं ही युक्ती पितळ-पोलादाच्या कापलेल्या कडेइतकी जुनी आहे. शिवाय धातूची स्प्रिंग वाकली तर हुशार कारागीर ती चिमट्याने सरळ करतो. सिलिकॉनची वाकवायला गेलं तर मोडते, आणि सुटा भाग कंपनीकडूनच मागवावा लागतो.