चावडी राखू या

चावडी कोणाला ठाऊक नाही? पूर्वी तेथे पाटील-कुलकर्णी बसत. शेतसारा तेथेच भरावा लागे. भांडणतंटे तेथेच तुटत. जुन्या मुंबई राज्यात कुलकर्णी वतन १९५१ साली गेले. पुढे १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. ग्रामपंचायतीला नवी कचेरी झाली. कित्येक गावी जुनी चावडी मोकळी पडली. तेथे म्हातारी माणसे बसू लागली.

दिवसा घरची माणसे रानात जातात. मग म्हाताऱ्याशी बोलायचे कोणी? चावडीत सोबती भेटतो. सुखदुःख बोलून मन हलके होते. पूर्वी बायका चावडीची पायरी चढत नसत. आता आजीबाईंनाही तेथे जागा हवी.

पण जागा राखली तरच टिकते. आमच्या गावी चावडीचे एक कौल फुटले. "आज बघू, उद्या बघू" म्हणता म्हणता दोन पावसाळे गेले. वासा कुजला. शेवटी छप्पर खचले. एका कौलापायी सारे छप्पर नवे घालावे लागले. ते होईपर्यंत म्हातारी माणसे देवळाच्या ओट्यावर भिजत बसली. त्यात मीही होतो!

म्हणून वैशाखातच छप्पर शाकारून घ्यावे. पन्हळीतला पालापाचोळा काढावा. भिंतीवर मातीची रेघ चढलेली दिसली, तर ती वाळवी समजावी. तिला वेळीच आवरावे. पायरीवर शेवाळ धरू देऊ नये. धरायला कठडा असावा. म्हातारपणी मोडलेले हाड लवकर सांधत नाही.

वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहावा. आता तुम्हांला वाचता येते. तो हिशेब तुम्हीच वाचा, आणि चुकला तर विचारा. आज वडील माणसे तेथे बसतात. उद्या आपल्यालाच बसायचे आहे.