थिएट्रिदम, संबळ आणि ४० मिलिसेकंद

पीएचडीचा प्रस्ताव लिहायला घेतलेल्या मुलामुलींकडून एक वाक्य मी सारखं ऐकते: "मोजायचं साधन तयारच आहे, फक्त लोक शोधायचेत." या वाक्यात एक खड्डा आहे. तो दाखवायला आज मी एका व्हिडिओ गेमची मदत घेणार आहे. पुढे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातही जायचंय, पण आधी गेम.

गेमचं नाव थिएट्रिदम फायनल फँटसी. थिएटर आणि रिदम हे दोन शब्द एकमेकांत घुसवून केलेलं नाव. फेब्रुवारी २०१२ मध्ये जपानात तो निन्टेंडो थ्रीडीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आला. इंडीजझीरो या कंपनीने बनवला, स्क्वेअर एनिक्सने बाजारात आणला. फायनल फँटसी ही त्यांची १९८७ पासून चालत आलेली मालिका. त्यात तुम्ही एखादं पात्र होऊन मोठी कथा खेळता, म्हणजे सोंग घेता म्हणा ना. नोबुओ उएमात्सु यांनी या मालिकेला दिलेलं संगीत इतकं लोकप्रिय झालं की त्याच संगीतावर हा वेगळा ताल-खेळ उभा राहिला. पुढे २०१४ मध्ये कर्टन कॉल आणि २०२३ मध्ये मोठ्या यंत्रांसाठी फायनल बार लाइन हे भाग आले. पहिल्या भागात मालिकेच्या १३ मुख्य खेळांतलं संगीत होतं, फायनल बार लाइनमध्ये सुरुवातीलाच ३८५ गाणी.

खेळायचं कसं? गाणं वाजतं आणि पडद्यावरून रंगीत ठिपके सरकत येतात. ठिपका ठरलेल्या गोलात पोचला की यंत्राच्या काडीने टॅप करायचं. लाल ठिपक्याला नुसती टिचकी, हिरव्याला काडी दाबून धरायची, पिवळ्याला बाणाच्या दिशेने फटकारा. लढाईच्या गाण्यात तुमची चार पात्रं शत्रूसमोर उभी असतात आणि प्रत्येकाची ठिपक्यांची वेगळी रांग. प्रवासाच्या गाण्यात एकच पात्र चालत राहतं. प्रत्येक टॅपला लगेच शेरा मिळतो: क्रिटिकल, ग्रेट, गुड, बॅड, नाहीतर मिस. चुका वाढल्या की पात्रांची शक्ती संपते आणि गाणं अर्ध्यावर तुटतं. छोटीशी गोष्ट, पण व्यसन लागतं, सांगून ठेवते.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. हा गेम तुमच्या प्रत्येक टॅपची वेळ नोंदवतो, ती आधीच ठरलेल्या वेळेशी ताडून बघतो आणि फरकाला नाव देतो. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत ताल मोजतात तेव्हा हेच करतात. मेट्रोनोमची टिकटिक ऐकवायची, बोटाने ठोके द्यायला सांगायचं आणि प्रत्येक ठोक्याचा फरक मिलिसेकंदात लिहायचा. ठोका टिकच्या आधी पडला तर ऋण, नंतर पडला तर धन. त्या फरकाला असिंक्रनी म्हणतात.

इथे पहिली गंमत. माणसं टिक ऐकून मग बोट टेकवत नाहीत. आवाज ऐकून प्रतिक्रिया द्यायलाच साधारण १५० ते २०० मिलिसेकंद जातात, तसं केलं तर ठोका कायमच उशिरा पडेल. आपण पुढची टिक कधी येणार याचा अंदाज बांधून बोट आधीच निघवतो. आणि बहुतेक लोकांचा ठोका टिकच्या थोडा आधीच पडतो, कुणाचा २० मिलिसेकंद, कुणाचा ५० किंवा जास्त. संगीताचं शिक्षण घेतलेल्यांत हा फरक कमी असतो. शंभरहून जास्त वर्षं ही गोष्ट माहीत आहे, आणि ब्रुनो रेप यांचा २००५ चा आढावा-निबंध या विषयात शिरणाऱ्याने वाचायलाच हवा. महत्त्वाचं हे, की टॅप करणाऱ्याला स्वतःला मात्र आपण बरोबर ठोक्यावरच आहोत असं वाटत असतं.

एक हिशोब करू. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. समजा पहिल्या मुलीच्या पाच टॅपचे फरक असे आहेत: −४८, −४०, −४४, −३६, −४२. दुसऱ्या मुलाचे: −७०, +६०, −२०, +४५, −१५. सरासरी काढा. मुलीची −४२, मुलाची चक्क शून्य. नुसती सरासरी बघणारा म्हणेल, वा, मुलगा अगदी अचूक! पण प्रमाण विचलन काढलं की मुलीचं साधारण ४.५ येतं आणि मुलाचं ५३ च्या आसपास. मुलगी घड्याळासारखी नियमित आहे, फक्त तिचं घड्याळ ४२ मिलिसेकंद पुढे आहे. मुलगा इकडेतिकडे भरकटतोय आणि योगायोगाने मध्यावर येतोय.

आता यांना गेम खेळायला द्या. समजा गेमने ठरवलंय की ३० मिलिसेकंदांच्या आत आलात तरच सर्वोत्तम शेरा. मुलीला पाचपैकी एकही मिळत नाही. मुलाला दोन मिळतात! ताल कुणाचा चांगला, या प्रश्नाचं उत्तर गेमने उलटं दिलं. गेमचा यात दोष नाही, त्याचं काम मजा देणं आहे, आणि बऱ्याच ताल-खेळांत खेळणाऱ्याला वेळ पुढेमागे जुळवून घ्यायची सोयही असते. पण तोच गुण तुम्ही प्रबंधाच्या तक्त्यात 'तालक्षमता' नावाच्या रकान्यात भरलात, तर चूक तुमची.

आता जव्हारकडे या. हे आदिवासीबहुल तालुके २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, क ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे समाज इथे राहतात. होळीनंतर उन्हाळ्यात गावोगावी वेगवेगळ्या तारखांना बोहाडा होतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रात्री मशालींच्या उजेडात गणपती, सरस्वती, राम, रावण, नरसिंह, त्राटिका अशी सोंगं एकामागून एक मुखवटे चढवून निघतात. पुढे संबळ आणि पिपाणी वाजत असते, त्या ठोक्यावर सोंग काही पावलं पुढे, काही मागे असं नाचत येतं. अनेक सोंगांचा मान ठराविक घराण्यांकडे असतो, पिढ्यान् पिढ्या. मोखाड्याच्या बोहाड्यात शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध होतं. तर मंडळी, सोंग घेऊन तालावर लढायचा खेळ आमच्याकडे हातात मावणाऱ्या यंत्राची वाट बघत थांबला नव्हता.

या साम्यामुळेच मोह होतो. कुणालाही वाटेल, की चला, बोहाड्यात नाचणाऱ्या पन्नास जणांना आणि शहरातल्या पन्नास विद्यार्थ्यांना मोबाईलवर ताल-खेळ देऊ, गुण काढू, तुलना करू, शोधनिबंध तयार. विषय आकर्षक, साधन फुकट, नमुना हाताशी. आता निकालाची कल्पना करा. आयुष्यभर संबळावर पाय टाकणारा साठीचा माणूस, ज्याने असा पडदा क्वचितच हाताळलाय, त्याला ठिपके बघून टॅप करायला लावलंय. त्याला 'बॅड' मिळणार, आणि कुठल्यातरी तक्त्यात आदिवासी वादक-नर्तकांची तालक्षमता कमी असं छापलं जाणार. अशा छापलेल्या वाक्यांचं ओझं इथल्या लोकांनी आधीच खूप वाहिलंय. म्हणून मला हा प्रश्न नुसता तांत्रिक वाटत नाही.

साधनात नेमकं काय लपलंय ते बघा. गेममध्ये गाणं आधीच ध्वनिमुद्रित आहे. ते तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही २० मिलिसेकंद मागे पडलात तर पुढचा ठिपका त्याच्याच वेळेवर येतो, जुळवून घ्यायचं ते तुम्हीच. म्हणजे या साधनाने एक गृहीतक तुमच्या प्रस्तावात न विचारता घातलं: ताल बाहेर कुठेतरी पक्का असतो आणि माणूस त्याच्या मागे जातो. बोहाड्यात संबळवाला सोंगाकडे बघत वाजवतो. मुखवटा जड, डोळ्यांपुढची भोकं लहान, नाचणारा दमला किंवा गर्दीत अडला तर वाजवणारा त्याला सांभाळून घेतो, रंगात आला तर ठोका चढवतो. इथे 'बरोबर वेळ' दोघांच्या मध्ये तयार होते. एकाला पट्टी करून दुसऱ्याला मोजलं तर मोजमाप लंगडंच राहणार.

तारप्याचंही असंच. वाळलेल्या भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं आणि मेणाने जोडलेलं हे वाद्य श्वास न तोडता वाजवतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे तारपावादनातलं आज सर्वांना माहीत असलेलं नाव. एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली साखळी तारपावाल्याभोवती फिरते, सूर बदलला की पावलं बदलतात. वरवर बघता तारपावाला पुढारी आणि बाकीचे मागे. पण तारप्यात ढोलासारखा सुटा ठोका नाही, ठोका ऐकू येतो तो नाचणाऱ्यांच्या पायांतून, आणि तारपावाला स्वतः त्या पायांबरोबर हलत असतो. मग कोण कुणाच्या मागे?

हा प्रश्न मोजता येतो, हीच आनंदाची गोष्ट. इव्हाना कोन्वालिंका आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं, दोघांनाही एकमेकांचे ठोके ऐकू येतात, सांगितलंय की एकत्र चालत राहा. वाटलं असेल एक पुढारी होईल, दुसरा अनुयायी. प्रत्यक्षात दोघंही अनुयायी झाले: प्रत्येक ठोक्याला पहिला दुसऱ्याच्या मागच्या चुकीनुसार स्वतःला सरकवतो आणि दुसरा पहिल्याच्या. हे कळतं कसं? 'अ'चे ठोक्यांमधले अंतर आणि 'ब'चं एक ठोका आधीचं अंतर यांचा सहसंबंध काढायचा, मग उलट बाजूनेही काढायचा. एकाच दिशेने संबंध दिसला तर पुढारी आहे. दोन्ही दिशांनी दिसला तर देवाणघेवाण आहे. गणित बीएस्सीच्या संख्याशास्त्राएवढंच, प्रश्न मात्र एकदम वेगळा. 'किती अचूक?' ऐवजी 'कोण कुणाला किती सांभाळून घेतो?' असं विचारलं की संबळवाल्याची खरी करामत तक्त्यात यायला जागा होते.

आता मातीवरच्या अडचणी, कारण मुलाखतीत समिती तिथेच पकडते.

साध्या मोबाईल व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे दोन चौकटींत ३३ मिलिसेकंदांचं अंतर. तुम्हाला ४० मिलिसेकंदांचा फरक शोधायचाय, मग अशा व्हिडिओवरून पावलाची वेळ काढणं म्हणजे तराजूवर सोनं तोलायला किलोची वजनं. ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, त्यामुळे संबळाचा ठोका आवाजातून काढा आणि पावलासाठी घोट्याला छोटा हालचालमापक बांधा. दोन यंत्रांची घड्याळं कधीच जुळत नाहीत, तेव्हा सुरुवातीला आणि शेवटी सर्व यंत्रांत पकडली जाईल अशी एक टाळी किंवा आपट हवी. ब्लूटूथ हेडफोन तर लांबच ठेवा. त्यांचा उशीर १०० मिलिसेकंदांच्या वर सहज जातो.

आणि एक गोष्ट जी प्रयोगशाळेत बसून सुचत नाही: आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. सोंग संबळापासून १० मीटरवर असेल तर त्याला ठोका जवळपास २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणजे तुमच्या सगळ्या निष्कर्षाएवढा फरक नुसत्या अंतराने तयार होऊ शकतो. तेव्हा रेकॉर्डर संबळाजवळ ठेवलाय की सोंगाजवळ हे वहीत लिहा, आणि दोघांतलं अंतर रात्रभर बदलत राहणार हे धरून चाला.

परवानगीचं फॉर्मवरच्या सहीने भागत नाही. मुखवटा हा देव आहे, काही घरांत तो चढवण्याआधी पूजा असते, घोट्याला काही बांधणं चालेल की नाही हे ज्या घराचा मान आहे तेच सांगणार. आधी एक बोहाडा काहीही न मोजता बघा, गावातल्या जाणत्यांशी बोला, सोंगागणिक संबळाची चाल बदलते का हे त्यांनाच विचारा, आणि त्यांनी दिलेली चालींची नावं तशीच्या तशी लिहून घ्या. तुमच्या विश्लेषणातले गट त्या नावांवरून पडले तर उत्तम.

गेम फेकून द्यायचा नाही बरं का. सरावाला तो चांगला आहे. मित्राला खेळायला लावा, पडद्याचा आणि टॅपच्या आवाजाचा वेगळा रेकॉर्ड करा, ठोके काढा, सरासरी आणि विचलन दोन्ही मांडा, मग गेमने दिलेले शेरे शेजारी ठेवा. दोन दिवसांचं काम आहे. ते झालं की दोन मित्रांना टेबलाच्या दोन बाजूंना बसवा, गाणं बंद करा आणि एकमेकांचं ऐकत ठोके द्यायला सांगा. फाइल्स नावानिशी, तारखेनिशी साठवा, आणि बॅटऱ्या जास्तीच्या घ्या. बोहाड्याची मोठी सोंगं पहाटेच निघतात.