टिटवी ओली का होते?

पक्षी सप्ताहात आमच्या एनएसएसच्या ग्रुपला एका झेडपी शाळेत ‘पक्षी ओळख’ घ्यायची होती. विट्याहून मायणीला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत ही शाळा. तिसरी-चौथीची मिळून एकवीस पोरं. आम्ही चौघांनी रात्र जागून पीपीटी बनवलेली. चाळीस स्लाइड्स, एकापेक्षा एक फोटो. दहाव्या स्लाइडला लाइट गेली. खरं सांगायचं तर पोरं त्याआधीपासूनच खिडकीबाहेर बघत होती. बाहेर तारेवर कोतवाल बसलेला आणि मी आत भिंतीवर त्यांना कोतवाल दाखवतोय!

‘‘दादा, ह्यो तर आमच्या म्हशीच्या पाठीवर बसतोय की,’’ एक जण म्हणाला. माझ्या स्लाइडवर म्हैस नव्हती.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. साजरा म्हणजे काय, हे तुम्हालाही माहितीये. एक स्लाइड शो, एक ग्रुप फोटो, रिपोर्ट सबमिट. आम्हीही तेवढ्यावरच सुटलो असतो. पण निघताना शाळेच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘फोटो पोरांनी मोबाइलवर बघितलेत. तुम्ही परत येणार का, तेवढं सांगा.’’

मग एक शनिवार सोडून एक, असं जायला लागलो. पीपीटी घरी ठेवली आणि स्वयंपाकघरातनं सांडशी, चिमटा, चहाची गाळणी, स्ट्रॉ असं काहीबाही नेलं. एका परातीत पाणी आणि मोहरी, दुसरीत वाळूत पुरलेले शेंगदाणे. प्रत्येकाला एक ‘चोच’ द्यायची आणि एका मिनिटात कोण किती खातो ते मोजायचं. सांडशीवाल्याने शेंगदाणे पटापट उचलले, पण मोहरीपुढे त्याने हात टेकले. तिथे गाळणीवाली जिंकली. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी कसं गाळतो, हे मग वेगळं समजवावं लागलं नाही.

जानेवारीत त्यांना मायणीच्या तलावावर नेलं. ब्रिटिश काळातला हा तलाव हिवाळ्यात येणाऱ्या रोहितांमुळे प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये मायणी परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला. त्या दिवशी मात्र एकही रोहित नव्हता. आमची तोंडं उतरलेली, पोरांची अजिबात नाही. काठावर एक काळा शराटी वाकडी चोच चिखलात खुपसत होता. ‘‘दादा, ही चोच आपल्या खेळात नव्हती. विळा आणायला पाहिजे होता!’’

फेब्रुवारीत चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसेल तो पक्षी मोजायचा आणि यादी ई-बर्डवर टाकायची. आम्ही शाळेमागच्या विहिरीपाशी थांबलो. पंधरा मिनिटं ही पोरं गप्प बसली, हेच मॅडमना खरं वाटेना.

खरी गंमत एप्रिलमध्ये झाली. शाळा सकाळची झालेली. ग्राउंडच्या कडेला मुरमात टिटवीची चार अंडी सापडली. खड्यांसारखीच दिसणारी, ठिपक्याठिपक्यांची. मी उत्साहात सगळ्यांना भोवती उभं केलं आणि लेक्चर सुरू केलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हीसुद्धा शिकारच मानली जाते वगैरे. टिटवी डोक्यावरून झेपावत ओरडत होती. शेवटी तिसरीतली एक पोरगी हळूच म्हणाली, ‘‘दादा, तिची अंडी तापत्यात.’’

कायदा मी सांगत होतो आणि मोडतही मीच होतो. सगळे व्हरांड्यात परतलो. पोरांनी आपणहून क्रिकेटचं पिच दुसऱ्या टोकाला हलवलं. एक वही ठेवली आणि पाळ्या लावल्या. लांबूनच बघायचं, दिसेल ते लिहायचं. पुढच्या खेपेला वही वाचताना त्याच पोरीची नोंद दिसली : ‘टिटवी ओली होऊन आली. बसली. परत गेली. परत ओली.’ पावसाचा थेंब नाही आणि ही ओली कशी? मला वाटलं, काहीतरीच लिहिलंय. रूमवर येऊन वाचलं तर पोरगी बरोबर होती. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. आमच्या चाळीस स्लाइड्समध्ये हे कुठेच नव्हतं.

टिटवी रात्री ओरडली की अशुभ, असं तिची आजी म्हणायची. ‘‘मी सांगितलं आज्जीला, कुत्रं आलं आसंल अंड्याकडं, म्हणून वरडतीया.’’ आजीला ते पटलं की नाही, कळलं नाही.

शाळेला सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी गेलो, तर मुरमातला खळगा रिकामा. पोरांत जोरदार भांडण. कावळ्याने खाल्ली की पिल्लं निघून गेली? टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच चालायला लागतात, एवढंच मी सांगितलं. निकाल मलाही देता येत नव्हता. वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : ‘अंडी नाहीत. टरफल पण नाही. टिटवी बांधावर वरडती, म्हणजे पिल्लं आसतील. सुट्टीत मी बघणार. माझं घर जवळ आहे.’