दुष्काळांतील गळवें : कारणें व उपचार

धान्य, चारा व पाणी यांसाठीं व्यापारी, जमीनदार व इतर उदार गृहस्थ दुष्काळाच्या वेळीं सढळ हातानें साह्य करितात. तथापि मदतीच्या यादींत बहुधा शेवटीं येणाऱ्या दोन जिनसांकडे, म्हणजे साबण व स्वच्छ कापड यांकडे, आम्ही येथें आपलें लक्ष वेधूं इच्छितों. ज्याच्या काखेंत गळूं झालें आहे त्यास घण उचलवत नाहीं. आणि ज्या दिवशीं काम नाहीं त्या दिवशीं मजुरी नाहीं व चूलही नाहीं.

केंसाच्या मुळाशीं सूक्ष्म जंतु शिरून तेथें पू सांठला म्हणजे गळूं होतें. हे जंतु पुवांत असतात असें ॲबरडीनचे शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनीं दाखविलें, व द्राक्षांच्या घोंसासारखे दिसतात म्हणून सन १८८२ मध्यें त्यांस स्टॅफिलोकॉकस हें नांव दिलें. सुमारें तीन माणसांत एकाच्या नाकांत ते निरुपद्रवीपणें राहतात. तेव्हां आंबे बाधले किंवा अंगांतील उष्णता बाहेर पडली, हा आपल्याकडील समज खरा नव्हे.

दुष्काळांत या जंतूंस वाट मोकळी होते. पाणी डोक्यावरून आणावें लागलें म्हणजे प्रथम स्नान सुटतें. एकच पंचा सारें घर वापरतें. खरूज खाजवून कातडी फुटते. सन १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत लक्षावधि माणसें खडी फोडण्यासारख्या कामांवर होतीं; अशा कामांत हातापायांस खरचटणें नित्याचेंच. त्यांत अन्नावांचून क्षीण झालेल्या शरीराची प्रतिकारशक्तिही उणी पडते.

उपचार सोपा आहे. स्वच्छ कापडाची घडी सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत भिजवून १० ते १५ मिनिटें, दिवसांतून तीन-चार वेळां शेकावें. गळूं दाबूं नये, सुईनें फोडूं नये. फुटल्यास शेण किंवा माती लावूं नये, कारण त्यांतून धनुर्वात होण्याचें भय असतें. मोठें गळूं पिकल्यावर डॉक्टरानें चिरून पू काढणें हाच खरा उपाय. सांठलेला पू नुसत्या गोळ्यांनीं जात नाहीं. ताप आला, लाली पसरूं लागली किंवा रोग्यास मधुमेह असला, तर जंतुनाशक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावें. यांतील बहुतेक जंतु आज पेनिसिलिनास दाद देत नाहींत. नाक व वरचा ओंठ येथील गळवाची उपेक्षा करूं नये. त्याचा विकार क्वचित् मेंदूपर्यंत पोंचतो. अत्यंत कृश मुलास जंतुबाधा होऊनही पुष्कळदां ताप येत नाहीं; म्हणून तापाची वाट न पाहतां त्यास रुग्णालयांत न्यावें.

मदतकार्याच्या ‘स्फियर’ या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणें माणशीं दररोज निदान १५ लिटर पाणी, आणि दरमहा अंगास २५० ग्रॅम व कपड्यांस २०० ग्रॅम साबण लागतो. पांच माणसांच्या कुटुंबास हा हिशेब रोज ७५ लिटर पाणी व महिना सव्वादोन किलो साबण असा होतो. ज्यांच्या विहिरीस पाणी आहे त्यांनीं ती खुली करावी. ज्यांचें दुकान आहे त्यांनीं धान्याच्या पोत्याबरोबर साबण व कापडाचा तागा पाठवावा, अशी आमची नम्र विनंति आहे. धान्य पोट भरील. पण तें मिळवून आणणारा हात चालता राहिला पाहिजे.