टायगर बिघडला, की त्याचं पोट?

तुमच्या हॉस्टेलच्या गेटवर एक तरी भूभू असेलच. आमच्याकडे टायगर आहे. नाव टायगर, स्वभाव गरीब गाय. परीक्षेच्या दिवसांत मात्र साहेब बदलले. रात्रभर येरझाऱ्या, ताटलीजवळ कुणी गेलं की गुरगुर. एकदा तर फर्स्ट इयरच्या एका पोराची पँटच धरली. वॉचमनकाका म्हणाले, "पोरांनो, उद्या गाडी बोलावतो. नेऊ द्या याला."

(दात कातडीला लागले असते तर आधी साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक इंजेक्शन घ्यायला जायचं. तिथे आहाराची चर्चा नको.)

आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "खातो काय?" आम्ही मोजायला लागलो. ग्लुकोज बिस्किटं, वडापाव, मॅगी... आणि रात्री जागणाऱ्यांनी लाडाने भरवलेलं चॉकलेट. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आपल्याला सहज पचतं. कुत्र्याच्या शरीरातून ते बाहेर पडायला फार वेळ लागतो. मग धाप, अस्वस्थपणा, छातीत धडधड. जास्त झालं तर झटके येतात, जीवही जातो. चॉकलेट जितकं डार्क, तितका धोका मोठा. काही शुगरफ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, ते तर आणखी घातक. रक्तातली साखर एकदम उतरते, कुत्रा झोकांड्या खातो आणि बघणाऱ्यांना वाटतं, पिसाळला! शिवाय पोट बिघडलेलं असेल, अंगाला खाज सुटली असेल, तर कोण गोडीत वागेल? तुम्ही वागता?

मग पोळीपण बंद? छे. लांडग्यापेक्षा कुत्र्याकडे स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलंय. आणि 'चिकन दिलं की कुत्रा चावरा होतो' हे ऐकून लगेच चिकन तोडू नका. २००० साली अमेरिकेत ३३ कुत्र्यांवर प्रयोग झाला. कमी प्रोटीनच्या खाण्यात ट्रिप्टोफॅन घातल्यावर, आपला इलाका राखायला अंगावर जाणारे कुत्रे जरा निवळले. हायपर कुत्रे होते तसेच राहिले. एवढ्याशा प्रयोगावरून सरसकट नियम कसा करणार?

टायगरचं खाणं आम्ही आठवडाभरात हळूहळू बदललं. आता दोन वेळा, ठरलेल्या वेळी भात, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन. देणारा एकच. गाडीचा विषय तूर्त थांबलाय. गेटवर काकांनी पाटी लावलीये, 'टायगरला चॉकलेट देऊ नये.' खाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, 'मला द्या.'