तक्रारी किती ते कळलं, पण कितींपैकी?

समजा, तुम्ही संशोधनासाठी असा विषय घेतलात: मुंबईच्या उपनगरांतल्या जुन्या एसयूव्ही, त्यांचं सस्पेन्शन आणि सुरक्षितता. विषय चांगला आहे. खड्ड्यात गेल्यावर पुढून खटखट आवाज येतो म्हणून गॅरेजला नेलेली गाडी प्रत्येकाच्या ओळखीत असते. बुश झिजला तर नुसता वैताग. पण बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होऊ शकतं, आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ते जीवावर बेतू शकतं.

बहुतेक जण सुरुवात तक्रारी मोजून करतात. तिथेच गडबड होते. धरून चला (आकडे काल्पनिक आहेत), एका मॉडेलच्या चार वर्षं जुन्या गाड्यांच्या ६० तक्रारी आल्या आणि बारा वर्षं जुन्यांच्या ४०. म्हणजे नव्या गाड्या वाईट? रस्त्यावर नव्या ६,००० आणि जुन्या फक्त ८०० असतील, तर प्रमाण १ टक्का आणि ५ टक्के येतं. चित्र पार उलटं.

हा छेद मिळवायचा कुठून? वाहन डॅशबोर्डवर आरटीओनुसार नोंदणी दिसते: अंधेरी एमएच ०२, बोरिवली एमएच ४७, घाटकोपर-मुलुंडसाठी वडाळ्याचं एमएच ०३. पण तिथे कंपनी कळते, मॉडेल नाही. शिवाय नोंदलेली गाडी आज चालते आहे की सोसायटीच्या कोपऱ्यात सडते आहे, हेही कळत नाही.

मॉडेलचं नाव हीसुद्धा फसवी गोष्ट. स्कॉर्पिओ २००२ साली आली. २०१४ मध्ये तिचा सांगाडा बदलला, नाव तेच राहिलं. दोन्ही एका रकान्यात घातल्यात तर तुम्ही दोन वेगळ्या गाड्यांची सरासरी काढताय. आणि २०१६ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले, ते इथे पुरावा म्हणून जोडू नका. ती चाचणी धडकेत आतला माणूस किती वाचतो ते सांगते, सस्पेन्शन किती टिकतं ते नाही.

आता खरा प्रश्न: झीज की दोष? फोर्ड एक्सप्लोररचं उदाहरण बघा. २०२१ मध्ये कंपनीने २०१३ ते २०१७ च्या जगभरातल्या सुमारे पावणेआठ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण बॉल जॉइंट जाम होऊन मागच्या सस्पेन्शनची टो लिंक तुटू शकत होती. अमेरिकेत हे रिकॉल गंज जास्त धरणाऱ्या राज्यांतल्या गाड्यांसाठी होतं. तिकडे रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकतात. आपल्याकडे मीठ हवेतूनच येतं! म्हणजे वय आणि दोष एकमेकांविरुद्ध नाहीत. काही दोष वय झाल्यावरच दिसतात.

आणि आपले नियम नेमके तेव्हाच डोळे मिटतात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं, पण सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. वर्षाला दहा हजारांहून जास्त खपणाऱ्या कारसाठी १,२५० तक्रारींचा उंबरठा आहे. खासगी गाडीची पुढची फिटनेस तपासणी थेट १५ व्या वर्षी. पीयूसी धूर बघतं, लोअर आर्म नाही. कंपनी स्वतःहून रिकॉल करू शकते, ते वेगळं. पण आठव्या ते पंधराव्या वर्षात सरकारी नोंदीत तक्रारी दिसल्या नाहीत, तर त्याचा अर्थ 'दोष नाही' असा काढता येणार नाही.

मग माहिती गॅरेजात शोधावी लागते. तिथेही एक मेख आहे: ज्यांना परवडतं तेच येतात, आणि ज्यांची गाडी भंगारात गेली ते कधीच येत नाहीत. तरी मी तिथूनच सुरुवात करेन. बदललेल्या प्रत्येक पार्टसोबत चार गोष्टी लिहून घ्यायच्या: उत्पादनाचा महिना-वर्ष, किलोमीटर, पार्ट मूळचा होता की आधी बदललेला, आणि गंज होता का. मूळचे पार्ट एकाच उत्पादन काळातल्या गाड्यांत, साधारण सारख्याच किलोमीटरला तुटत असतील तर संशय कारखान्यावर. सगळ्या वर्षांच्या गाड्यांत वयाबरोबर हळूहळू वाढत असतील तर रस्ते आणि हवा आधी तपासा.