काम न सोडता गर्दमुक्ती

लोणावळा-पुणे लोकलने कामाला जाणारा मुलगा गर्दच्या आहारी गेला, की घरचे त्याला मारतात, नाहीतर लपवतात. आम्ही म्हणतो, त्याला उपचार द्या. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तिथे राहून उपचार घेता येतात. ज्याला काम बुडवणे परवडत नाही, त्याला घरी राहूनही मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध घेता येते.

ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळवतात. अंगदुखी, जुलाब, तळमळ थांबते, तलफ आवरते. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असे म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली हे औषध अत्यावश्यक यादीत घेतले. पगाराच्या दिवशी कोणाला टाळायचे, घरात राग कसा आवरायचा, हे मात्र समुपदेशनात उमगते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. खंड पडल्यावर शरीराची सवय मोडते. मग गर्दची जुनी मात्राही जीव घेते.

पाचवे शील व्यसन दूर ठेवण्यासाठी आहे, व्यसनी भावाला दूर लोटण्यासाठी नव्हे. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतः केली. दवाखान्यात त्याच्यासोबत जा. १४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत माहिती मिळते.

जय भीम!